डाव्या कौलाची अकरा पत्रं

राजारामपुरीतल्या त्या गल्लीत हंबीररावांचा कॉम्प्युटर सुरू झाला, की तळमजल्यावरचे डॉक्टर पेशंटच्या छातीवरची नळी काढून हातात धरून बसायचे, असं अजून सांगतात. त्या घुमण्यात पेशंटचं काळीज ऐकू यायचंच नाही. यंत्र आधी खोकायचं, मग घुमायचं, मग पाच-सात मिनिटं विचारात पडायचं आणि मग कुठं पडद्यावर उजेड. तेवढ्यात हंबीररावांची आंघोळ, देवपूजा आणि अर्धा कप चहा उरकायचा. एकोणीस वर्षांत त्या घरातले दोन फ्रीज बदलले, तीन मिक्सर बदलले, वॉर्डातले नगरसेवक चारदा बदलले. कॉम्प्युटर तोच.

दिवाळी सरली आणि तुळशीच्या लग्नाआधीच्या सोमवारी तो गेला. खोकला, घुमला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीतून काहीतरी कबूल करून गप्प झाला. हंबीररावांनी त्याला सोलापुरी चादरीत गुंडाळलं, स्कूटरवर पायाच्या बेचक्यात ठेवलं आणि चार गल्ल्या सोडून संयोगिताच्या दुकानात नेलं. वाटेत दोघातिघांनी हळहळून विचारलं म्हणे, की कुणाला ॲडमिट करताय.

संयोगिता म्हणजे चाळिशीची, बोलायला फटकळ, हाताला गुणी बाई. नवऱ्यानं मोबाईलची कव्हरं विकायला दुकान काढलं होतं. ही शेजारी बसून बिघडलेली यंत्रं उघडायला लागली आणि दोन वर्षांत दुकानाची पाटी हिच्या नावानं झाली. तिनं पेटीचं झाकण काढलं तर आत पालीच्या तीन पिढ्या नांदत होत्या. चौथीचं अंडं होतं. ते तिनं अलगद कागदावर घेऊन खिडकीत ठेवलं आणि निकाल दिला: पेटी राहील, आतडी बदलावी लागतील. डिस्क नवी, विंडोज नवं, सगळं पहिल्यापासून. जुन्यातलं काय काय वाचवायचं तेवढं सांगा.

हंबीररावांनी एकच गोष्ट सांगितली. मेल. फोटो गेले तरी चालतील, बायकोच्या भिशीच्या याद्या गेल्या तर उलट बरंच, पण एकोणीस वर्षांची पत्रं जशीच्या तशी पाहिजेत. एक पत्र इकडचं तिकडं होता कामा नये.

माणूस तसा पत्रांचाच. दूध संघात चौतीस वर्षं काढली, शेवटची सहा शीतकरण केंद्राचा प्रमुख म्हणून. समोरासमोर बोलायची वेळ आली की यांच्या घशात घास अडकायचा. कागद दिला की हेच हंबीरराव तलवार. घरच्या घरी बायकोलाही त्यांनी एकदा विनंतीअर्ज केला होता, विषय भाजीत कमी तिखट घालण्याबाबत. तिनं त्यावर ‘नामंजूर’ लिहून परत दिला, हेही लोकच सांगतात.

संयोगितानं जुनी डिस्क बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला जोडली. मेलचा जुना प्रोग्राम पत्रं कुठं दडवून ठेवायचा ते शोधण्यात तास गेला. फडताळामागं चोरकप्पा असावा आणि त्यात आणखी एक डबी असावी तसा प्रकार. सापडलं, तर नव्या प्रोग्रामला ते उघडता येईना. शेवटी तिनं तिसराच एक मधला प्रोग्राम आणला, जुन्याची भाषा नव्याला समजावून सांगणारा. तो दुपारभर एकेक पत्र उचलून नव्या घरात मांडत बसला. आलेली एका खणात, पाठवलेली दुसऱ्या खणात. हंबीररावांनी आपल्या हातानं मराठी नावं देऊन जे खण केले होते, त्यांची नावं मात्र त्याला कळली नाहीत. तिथं नुसती प्रश्नचिन्हं उमटली. आणि मराठी पत्रांचीही तीच गत झाली. संघात त्या काळी मराठीचा एक फॉन्ट होता. तो ज्याच्या यंत्रावर असेल त्यालाच मराठी दिसायचं. नसेल त्याला इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची मिसळ. आता नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट कुठला असायला. संयोगितानं सांगितलं की काळजी नको, पत्रं शाबूत आहेत, नुसतं रूप गेलंय, फॉन्ट मिळवून उद्या टाकते.

पाचच्या सुमाराला चहा आला. हंबीररावांचा चष्मा घरी राहिला होता. संयोगितानं मान न वळवता विचारलं, की काका, पाठवायच्या खणात अकरा पत्रं थटलीत, जाऊ देत काय?

आता गेल्या आठवड्यात यंत्र आचके देत असताना हंबीररावांनी बँकेला, गॅसवाल्याला आणि कुणाकुणाला पत्रं लिहिली होती. त्यातली काही गेली नसतील असं त्यांना वाटलं. अकरा जरा जास्त वाटली. पण चहा गरम होता, यंत्र परत आलं होतं, आणि पडद्यावर सगळी मुंग्यांची रांग.

“जाऊ देत की,” ते म्हणाले. “थटलेलं पत्र आन् थटलेला पावणा, वाटंला लावल्यालं बरं.”

संयोगितानं कळ दाबली. अकरा पत्रं गेली.

घरी येऊन पेटी जोडली, तर ती आता घुमत नव्हती. हंबीररावांना तेवढंच चुकल्यासारखं झालं. चष्मा लावून बघतात तर नऊ पत्रं परत आलेली. प्रत्येकाच्या डोक्यावर इंग्रजीत एकच मजकूर, की या पत्त्यावर असा कुणी माणूस नाही. खाली मूळ पत्र, त्याच मुंगीलिपीत. हंबीररावांनी पहिलं उघडलं आणि टेबलावर बोटं आपोआप हलायला लागली. त्या फॉन्टवर त्यांनी इतकी वर्षं टायपिंग केलं होतं, की कोणतं इंग्रजी अक्षर म्हणजे मराठीतलं काय, हे डोळ्यांना कळत नसलं तरी बोटांना कळत होतं. बोटं हलली, ओठ पुटपुटले, आणि पहिलं वाक्य लागलं: ‘महोदय, आपण एक नंबरचे लबाड आहात.’

तेव्हा त्यांना कळलं, ही कोणती अकरा ते.

हंबीररावांच्या घरी गडमुडशिंगी या मूळ गावापासूनची रीत होती: अवघड काम करण्याआधी देवाला कौल लावायचा. देव्हाऱ्यात जोतिबाचा चांदीचा टाक. त्याला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं, आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको म्हणाला. त्यांच्या आईनं बैल विकायचा का हे असंच विचारलं होतं आणि मुलाला शाळेत घालायचं का हेही असंच. हंबीररावांनी ती रीत कॉम्प्युटरपर्यंत आणली. तिखट पत्र लिहून झालं की पाठवायच्या आधी कौल. उजवा आला की कळ दाबायची. डावा आला तर पत्र पुसायचं नाही, कारण देवानं ‘पाठवू नको’ एवढंच म्हटलंय, ‘लिहू नको’ म्हटलेलं नाही. अशी पत्रं त्यांनी एका वेगळ्या खणात ठेवली होती आणि त्या खणाला नाव दिलं होतं ‘देवाकडे’. एकोणीस वर्षांत अकरा.

त्या मधल्या प्रोग्रामला देव कुठला माहीत. त्यानं प्रत्येक पत्रावर ‘अजून गेलेलं नाही’ अशी जुनी खूण बघितली, बिचाऱ्यांना पाठवायच्या खणात नेऊन बसवलं, आणि पुढचा हुकूम हंबीररावांनी स्वतःच्या तोंडानं दिला. या एकाच वेळी त्यांनी कौल लावला नव्हता.

नऊ परत आली होती. वीज कार्यालयातला तो महोदय परत आला. एका व्याह्यांना लिहिलेलं, मानपानावरून, तेही परत आलं, व्याही वारून सात वर्षं झाली होती. एका दिवाळी अंकाच्या संपादकाला लिहिलेलं आलं. रात्रीचं जेवण होईपर्यंत दहावंही आलं. हंबीरराव प्रत्येकाचं पोराबाळासारखं स्वागत करत होते. पण अकरावं येईना.

अकरावं गणपतरावांना होतं.

गणपतराव आणि हंबीरराव एका वर्गातले, एका तालमीतले, एकाच दिवशी दूध संघात चिकटलेले. गणपतराव अजून गडमुडशिंगीतच राहतात. दोघांची मैत्री अशी, की एकाला ताप आला तर दुसरा काढा प्यायचा. वीस वर्षांपूर्वी शीतकरण केंद्राच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली आणि ती गणपतरावांना मिळणार हे केंद्रावरच्या मांजरालाही माहीत होतं. तेवढ्यात वर एक निनावी अर्ज गेला. गणपतराव दर रविवारी कोडोलीला कुणाच्या घरी जेवतात आणि त्या घरच्या दुधाचं फॅट, आणि फॅटवर ठरणारा दर, यांच्या तपासणीत नेहमीच चांगला कसा लागतो, याची चौकशी व्हावी, असा. चौकशीत काही निघालं नाही, कारण काही नव्हतंच. पण सहा महिने गेले आणि जागा हंबीररावांना मिळाली.

अर्ज गणपतरावांना कुणी दाखवला नाही. निनावी अर्जाचं तेच तर बळ असतं. ज्याच्यावर तो होतो त्यानं तो कधी वाचलेला नसतो. चौकशीच्या साहेबानं फक्त एकच विचारलं होतं: रविवारी कोडोलीत कुणाकडे जेवता? कोडोलीत गणपतरावांची धाकटी बहीण बाळाबाई दिली होती. तिचा नवरा पिराजीराव. रविवारचं जेवण ही घरातली गोष्ट, तेव्हा ती बाहेर गेली असेल तर घरातूनच, असा गणपतरावांनी हिशेब मांडला. पिराजीरावाशी आधीच बांधाच्या एका झाडावरून कुरबुर होती. त्या दिवसापासून गणपतरावांनी कोडोलीची वाट सोडली. बहिणीची भाऊबीज वीस वर्षं झाली नाही. रविवारच्या जेवणात मटण कसं होतं, हे ते दर सोमवारी हंबीररावांना स्वतःच सांगत आले होते, ही गोष्ट त्यांच्या कधी ध्यानातच आली नाही.

अर्ज हंबीररावांनी केला होता. प्रमुखाच्या खुर्चीत दोन वर्षं बसल्यावर त्यांना ती टोचायला लागली आणि दोन हजार सहाच्या जून महिन्यात त्यांनी गणपतरावांना सगळं कबूल करणारं पत्र लिहिलं. आणि मग कौल लावला. डावा आला. देवच नको म्हणाला, तिथं माणसाचं काय चालतं? हंबीरराव त्या दिवशी पोटभर जेवले होते.

ते पत्र आता गडमुडशिंगीत पोचलं होतं. मेलचा तो जुना पत्ता गणपतरावांच्या सुनेनं, मोनानं, पेन्शनच्या आणि गॅसच्या निरोपांसाठी नव्या फोनवर चालू ठेवला होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आलेली पत्रं सूनच सासऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायची.

सकाळी हंबीररावांनी आंघोळ केली आणि सवयीनं देव्हाऱ्यापुढं बसले. प्रश्न साधा होता. गणपाकडं जाऊन त्यानं ऐकायच्या आत पत्र पुसून टाकावं, का गप बसावं, का आपण होऊन सांगावं? तीन प्रश्नांना दोन पाकळ्या पुरत नाहीत, म्हणून त्यांनी एकच धरला: सांगावं का? तांब्यात शेवंतीच्या पाकळ्या भिजत होत्या. त्यांनी दोन उचलल्या. उजवी तशीच ओली टाकाला लावायला गेले, आणि डावी चिमटीत धरली तेव्हा त्यांनी आपला अंगठा पाहिला.

अंगठा डाव्या पाकळीवरचं पाणी निपटत होता.

कुणी सांगितलं नव्हतं त्याला. हंबीररावांच्या मनातही काही नव्हतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. ते ओंजळ उघडून बघत बसले. ओली पाकळी घट्ट चिकटते, कोरडी लवकर सुटते, एवढं लहान पोरालाही कळतं. त्या जूनमध्ये हाच अंगठा असाच चालला असेल का? आणि वीज कार्यालयाच्या वेळी? व्याह्यांच्या वेळी? अकराच्या अकरा वेळा देव बोलला, का हे एवढंसं बोट बोललं? आईच्या वेळी बैल विकला गेला नव्हता. त्या बैलावर आईचा फार जीव होता. हंबीररावांना हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. माणूस देवाला विचारतो तेव्हा उत्तर घरातून घेऊनच आलेला असतो की काय, आणि देव बिचारा चांदीचा, भिंतीला टेकून उभा, सगळ्यांच्या सह्या आपल्या नावावर सोसतो?

त्यांनी दोन्ही पाकळ्या ताम्हनात ठेवल्या, नमस्कार केला आणि स्कूटरची किल्ली घेतली. काय करायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. एवढंच ठरलं होतं, की विचारायचं कुणाला नाही.

गडमुडशिंगीत गणपतरावांच्या दारात पोचले तेव्हा मोना बाहेरच्या सोप्यात एक स्टीलचा डबा पुसत होती. बाळाबाई दर दिवाळीला भावाला फराळाचा डबा पाठवायची, कुणाच्या तरी हाती, करंज्या आणि चिवडा. गणपतराव डबा नाकारायचे नाहीत. पण रिकामा परत पाठवायचे. आपल्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत, किमान साखर तरी घालतात. तेव्हा तो रिकामा डबा म्हणजे वर्षातून एकदा बहिणीला दिलेला निरोप होता. मोना सासऱ्याच्या नकळत त्यात मूठभर साखर टाकायची. हंबीररावांना हे माहीत होतं. वीस वर्षं ते हा डबा बघत होते आणि नजर दुसरीकडं वळवत होते.

मोनानं हसून या म्हटलं आणि सांगितलं की काका, तुमचं मेल आलंय काल, पण काय लिहिलंय ते देवाला ठाऊक. मामांना वाचून दाखवायला गेले तर नुसतं एबीसीडी आणि कंस. व्हायरस असंल, पुसून टाकते म्हटलं, तर मामा नको म्हणाले.

गणपतराव खाटेवर पाय वर घेऊन बसले होते. पांढरी मिशी, डोळ्यावर जाड काच. त्यांनी पावलांच्या आवाजावरूनच ओळखलं.

“ये हंबीर. आता काय मुंग्यास्नी लिहायला शिकवलंस व्हय?”

हंबीरराव खाटेच्या कडेला टेकले. सुटायच्या वाटा तिथं कमी नव्हत्या. मोना फोन पुढं करून विचारत होती, काका, पुसू काय? तिथं दुसऱ्या कुणालाच ते पत्र वाचता येत नव्हतं. फॉन्ट मेला होता. हंबीररावांनी नुसती मान हलवली असती, किंवा म्हटलं असतं की दिवाळीच्या शुभेच्छा होत्या, तर तिथल्या तिथं विषय मिटला असता, चहा आला असता, आणि साखर घातलेला तो डबा कोडोलीला गेला असता.

त्यांनी फोन घेतला. अक्षरं मोठी केली. मांडीवर बोटं हलायला लागली.

“हे मलाच वाचाय येतंय,” ते म्हणाले. “वाचतो. मधी बोलू नकोस.”

मोनाला काहीतरी वेगळं जाणवलं असावं. ती डबा घेऊन आत जायला वळली, तर हंबीररावांनी तिला हातानं थांबवलं आणि तू पण ऐक म्हणून सांगितलं. मग त्यांनी वाचलं, अडखळत, अक्षराला अक्षर लावत, पहिलीतल्या मुलासारखं:

“प्रिय गणपा. तुझ्यावरचा तो अर्ज मी केला. कोडोलीच्या जेवणाचं त्यात मीच घातलं. तू मला सांगितलेलं होतंस. पिराजीचा त्यात काही संबंध नाही. जागा मला पाहिजे होती. मिळाली. दोन वर्षं त्या खुर्चीत बसतोय आणि धड बसवत नाही. तू काय म्हणशील ते म्हण. हंबीर.”

सोप्यात कोंबडी आली, दाणे टिपून गेली. गणपतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. मग परत वाचायला सांगितलं. हंबीररावांनी परत वाचलं. या खेपेला अडखळले नाहीत, त्यामुळं ते जास्त वाईट ऐकू आलं.

“तारीख काय हाय त्याच्यावर?”

“सोळा जून. दोन हजार सहा.”

“त्या वर्षी तुझ्या पोरीचं लगीन झालं. मांडवाच्या दारात मी हुबा होतो. पावण्यांच्या पाया पडत.”

“व्हय.”

“मग हे पत्र तवा का आलं न्हाई?”

कौल डावा आला, हे उत्तर हंबीररावांच्या जिभेवर अठरा वर्षं तयार होतं. ते त्यांनी गिळलं. त्यांना वाटलं, निनावी अर्ज एकदाच केला असं आपण धरून चाललो होतो. खरं तर जोतिबाच्या नावावर आपण आणखी एक केला.

“माझी छाती झाली न्हाई,” ते म्हणाले. “काल गेलं, ते बी चुकून गेलं. मी पाठवल्यालं न्हाई.”

“पर आता वाचलंस.”

“वाचलं.”

गणपतरावांनी मान हलवली. ती कशाला हलवली ते कळायला मार्ग नव्हता. मग ते अर्जाबद्दल विचारायला लागले. कागद कसला होता, हातानं लिहिला का टाईप केला, पहिलं वाक्य काय होतं, शेवटचं काय होतं, ‘फॅट’ शब्द कुठं आला. माणूस वीस वर्षं ज्या कागदानं मेला तो कागद त्यानं आज पहिल्यांदा बघितला, तो असा, तुकड्या-तुकड्यानं, दुसऱ्याच्या तोंडून. हंबीररावांना सगळं पाठ होतं. त्यांनी एकही ओळ गाळली नाही. ‘सदर इसम’ असा उल्लेख होता हे सांगताना मात्र त्यांनी नजर जमिनीकडं वळवली, कारण उभ्या आयुष्यात त्यांनी गणपतरावांना गणपा सोडून दुसरं काही म्हटलेलं नव्हतं.

सगळं ऐकून झाल्यावर गणपतराव मोनाकडं वळले आणि त्यांनी तिला तो डबा मागितला. मोनानं दिला. त्यांनी झाकण काढून आत हात घातला, तळाशी साखर लागली. चिमूटभर तोंडात टाकून त्यांनी सुनेकडं बघितलं. मोनानं मान खाली घातली.

“दरसाल घालतीस?”

“व्हय मामा.”

त्यांनी तिला चार शेंगदाण्याचे लाडू त्यात भरायला सांगितले, नाही, आठ भर म्हणाले, आणि खाटेवरून उठले. खुंटीवरची टोपी चाचपून डोक्यावर ठेवली. हंबीररावही उठले. आता दारातून बाहेर पडायचं आणि परत या दारात यायचं नाही, असंच त्यांना वाटत होतं, आणि नवल म्हणजे तसं वाटूनही पाय काल संध्याकाळपेक्षा हलके होते.

“गाडी आणलीयास न्हवं?” गणपतरावांनी विचारलं.

“आणलीया.”

“चल मग. कोडोलीला. बाळाबाईच्या सोप्यात बसून पिराजीच्या तोंडावर वाचायचं हे. मी मधी काय बोलणार न्हाई. तू वाचायचंस.”

हंबीररावांनी मोनाला विचारून तिचा फोन बरोबर घेतला, ते पत्र उघडं ठेवूनच खिशात टाकला आणि मग पुन्हा बाहेर काढून बघितलं, की गेलं तर नाही ना. जे पत्र पुसून टाकावं असं सकाळी मनात आलं होतं, तेच हरवेल अशी आता त्यांना धास्ती होती.

उचगाव मागं पडलं, शिरोली मागं पडली. हायवेला ट्रकांची रांग होती. तिशी-पस्तिशीत दोघं असेच एका गाडीवरून हिंडायचे, केंद्राकेंद्रावर दूध तपासत, आणि मागं बसलेले गणपतराव हंबीररावांच्या खांद्यावर हात टाकून सगळ्या रस्त्याला गाणी म्हणायचे. त्यांच्या गाण्यानं हातकणंगले तालुक्यातल्या म्हशींचं दूध आटलं होतं, असं त्या वेळच्या केंद्रप्रमुखानं लेखी कळवलं होतं म्हणतात. आज गाणं नव्हतं. खांद्यावर हात नव्हता. एका हातानं मांडीवरचा डबा धरला होता आणि दुसऱ्या हातानं मागची लोखंडी कडी.

हंबीररावांना तो नसलेला हात सगळ्या वाटेवर जाणवत होता, ओझं असावं तसा. माफ केलं का, हे विचारायचं त्यांच्या दोनदा ओठावर आलं. पण मग त्यांना वाटलं, हाही कौल लावल्यासारखंच होईल. आणि पाकळ्या पुन्हा आपल्याच हातात. ज्याचं उत्तर त्यानं त्याच्या वेळेला द्यावं, नाहीतर देऊ नये. आपलं काम वाचायचं.

वाठारला डावीकडं वळताना रस्त्यात खड्डा आला. तो चुकवायला हंबीररावांनी गाडी एकदम ओढली आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्यांचं ते धूड अंगाला घासून गेल्यासारखं गेलं. डबा वाजला. मागची कडी वाजली. हंबीररावांनी गाडी कशीबशी सावरली आणि कडेला घेऊन थांबवली.

“अरं हळू चालीव की,” गणपतराव मागून म्हणाले. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच. “तू धड पोचायला पायजेस. ते दुसऱ्या कुणाला वाचाय येतंय?”

हंबीररावांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि कोडोलीपर्यंत ती दुसऱ्याच्या वर जाऊ दिली नाही.